आत जागा नाही

मुंबईच्या लोकलगाडीच्या दारात रोज सकाळी एक वाक्य हजारो वेळा ऐकू येतं, 'आत जागा नाही'. वरवर पाहिलं तर त्यात नुसती माहिती आहे. डबा भरला आहे, तुम्ही पुढच्या गाडीने या, एवढंच. पण हे वाक्य बोलणारा माणूस दहा मिनिटांपूर्वी स्वतः एका फलाटावर उभा होता. त्यालाही दारातल्या कुणीतरी हेच ऐकवलं होतं. त्याने ते मानलं नाही. खांदा लावला, एक पाय टेकवला, दांडी धरली आणि आत शिरला. आता पुढच्या स्थानकावर तेच वाक्य त्याच्या तोंडी आहे. मग हे वाक्य खरं केव्हा होतं? त्याला ऐकवलं गेलं तेव्हा, की तो ऐकवतो आहे तेव्हा?

प्रश्न गाडीचा आहे तसाच तो माणसाचाही आहे. जो आत आला, त्याचं बाहेर राहिलेल्याशी काही देणं असतं का? ज्याला जागा मिळाली, ती त्याची झाली का? शहराबाहेर राहणारा माणूस रोज दोनदा हा प्रश्न आपल्या खांद्याने सोडवत असतो. विचाराने तो सोडवायला त्याला सवड मिळत नाही. म्हणून इथे जरा थांबून तो पाहावा असं वाटतं.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मध्य रेल्वेची सकाळची गाडी कसारा, कर्जत, बदलापूर किंवा अंबरनाथहून निघते. कल्याण-डोंबिवलीपर्यंत तिची दारं भरून गेलेली असतात. त्यानंतर दिवा, मुंब्रा, कळवा. इथे गाडी भरलेलीच येते, उतरणारे थोडे असतात आणि चढणारे शेकड्यांनी. पश्चिम रेल्वेवर विरारहून सुटलेली गाडी नालासोपारा, वसई, नायगाव असं करत भाईंदर आणि मीरा रोडला येते, तेव्हा तिथेही हीच अवस्था. संध्याकाळी चित्र उलटं होतं. विरार गाडीत बोरिवलीचा प्रवासी शिरला तर त्याला दरडावलं जातं, 'बोरिवलीला तुमच्या वेगळ्या गाड्या आहेत ना, मग ह्यात कशाला?' प्रसंगी त्याला बोरिवलीला उतरूही देत नाहीत. त्यातच काही जण बसायला मिळावं म्हणून आधी उलट दिशेने चार स्थानकं जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. ह्याला 'रिटर्न' मारणं म्हणतात. परिणामी जिथून गाडी सुटते तिथल्या माणसालाही ती रिकामी मिळत नाही. प्रत्येक स्थानकाला आपल्या अलीकडच्या स्थानकाबद्दल तक्रार आहे आणि प्रत्येक स्थानकावर पलीकडच्या स्थानकाचा राग आहे.

ही माणसं इतक्या लांब राहायला का गेली? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. म्हणजे मार्ग फार जुना आहे. पण कामकरी माणूस त्यानंतरही पुष्कळ काळ आपल्या कामाजवळच राहिला. लालबाग-परळच्या चाळींतून गिरणीचा भोंगा ऐकू येत असे. मदनपुरा-नागपाड्यातला कारागीर कारखान्याच्या वरच्या माळ्यावर किंवा शेजारच्या गल्लीत झोपत असे. खोली दहा बाय दहाची असे, पण कामावर चालत जाता येई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. गिरणगावातली कुटुंबं डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारकडे सरकली. त्याच काळात डोंगरी, मदनपुरा, कुर्ला इथली मुसलमान कुटुंबं मुंब्रा आणि मीरा रोडकडे जाऊ लागली होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर ह्या ओघाला भीतीचा जोर मिळाला. एकाला पोटाने बाहेर ढकललं, दुसऱ्याला पोटाने आणि भीतीने मिळून. दोघेही आज एकाच डब्यात, एकाच दांडीला लोंबकळत असतात. दोघांपैकी कुणीही हौसेने शहर सोडलेलं नाही.

बाहेर घर स्वस्त मिळालं, पण त्या स्वस्ताईची किंमत वेगळ्या रीतीने चुकवावी लागली. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा परिसरात बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. ज्यांच्या इमारती उभ्या आहेत ते दिवसाचे तीन-चार तास गाडीत घालवतात. बाप सकाळी निघतो तेव्हा मूल झोपलेलं असतं, परततो तेव्हा पुन्हा झोपलेलं असतं. मुलाला बाप भेटतो तो रविवारी. ज्या घरासाठी आयुष्यभराची कमाई घातली, त्या घरात माणूस जागेपणी किती वेळ असतो याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता गर्दीचा हिशेब. मुंबईच्या लोकलगाड्यांच्या रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात आणि पंचाहत्तर लाखांच्या आसपास माणसं त्यांतून जातात. ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसं उभी असतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा तुकडा घरातल्या फरशीवर खडूने आखावा आणि त्यात सोळा जण कसे उभे राहतील ते पाहावं. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आलेल्या जनहित याचिकेत आकडा होता तो असा, २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसं मेली. म्हणजे दिवसाला सात. त्यांत रूळ ओलांडताना मेलेले आहेत, तसेच दारातून पडलेलेही आहेत. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली फेकली गेली. चार जणांचा त्या दिवशी मृत्यू झाला, आणखी काही जखमी झाले. त्या सर्वांना आत जागा नव्हती. तरीही ते चढले, कारण कामावर हजेरीची वेळ ठरलेली होती.

अशी घटना घडली की दोन प्रकारची मतं ऐकू येतात. पहिलं मत म्हणजे सारा दोष सरकारचा आणि रेल्वेचा, प्रवासी बिचारा काय करणार? दुसरं मत म्हणजे लोकांना शिस्तच नाही, पुढच्या गाडीने गेले असते तर काय बिघडलं असतं? गंमत अशी की आपण ही दोन्ही मतं सोयीने वापरतो. आपण स्वतः लटकतो तेव्हा आपल्याला व्यवस्थेचा दोष दिसतो. दुसरा लटकतो तेव्हा त्याची बेशिस्त दिसते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात मात्र दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत. कलम १५६ प्रमाणे टपावरून किंवा पायरीवरून प्रवास करणं हा गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून पडून मेलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाई मिळते, मग रेल्वेची चूक असो वा नसो. चढता-उतरताना निव्वळ निष्काळजीपणा झाला एवढ्यावरून त्याने स्वतःला इजा करून घेतली असं म्हणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं. कायदा विसंगत आहे असं कुणी म्हणेल. मला तो इथे शहाणा वाटतो. माणूस जबाबदार आहे आणि माणूस लाचारही आहे, ही दोन्ही सत्यं त्याने एकाच वेळी धरून ठेवली आहेत. आपल्यालाही तेच करायचं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दारातल्या माणसाच्या बाजूनेही एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो मांडला. त्याने दृष्टांत घेतला तो जीवरक्षक नावेचा. नावेत पन्नास माणसं आहेत, फार तर साठ मावतील. भोवती पाण्यात शंभर जण पोहत आहेत आणि आत घ्या म्हणून विनवत आहेत. सर्वांना घेतलं तर नाव बुडेल, सगळे मरतील. दहांना घेतलं तर कोणते दहा घ्यायचे? आणि अडीअडचणीसाठी राखलेली जागाही जाईल. तेव्हा कुणालाच घेऊ नये, असा त्याचा निष्कर्ष. ज्याला हे बोचत असेल त्याने खुशाल पाण्यात उतरून आपली जागा दुसऱ्याला द्यावी, असंही त्याने सुनावलं. तो बोलत होता श्रीमंत आणि गरीब देशांबद्दल. पण लोकलच्या दारात उभा असलेला, हार्डिनचं नावही न ऐकलेला माणूस हेच तत्त्वज्ञान सांगत असतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येत नाही. भरलेल्या दारात आणखी एक जण घुसला तर सर्वांत बाहेरच्या माणसाचा हात सुटू शकतो. दया दाखवायची म्हणून कुणाचा जीव घालवायचा नसतो.

तरीही ही नाव लोकलगाडीला लागू पडत नाही. हार्डिनच्या नावेत जो बसला तो बसला आणि जो पाण्यात राहिला तो राहिला. लोकलमध्ये प्रत्येक जण काही स्थानकांपुरता आत असतो. सकाळी आत असलेला संध्याकाळी बाहेर असतो. आज ज्याला दिव्याला ढकललं त्याच्यासमोर उद्या दादरच्या फलाटावर आपण उभे असू आणि दारात तो असेल. दुसरं असं की आधी चढण्यात कसलाही पराक्रम नाही. बदलापूरच्या माणसाला जागा मिळते ती गाडी तिथून सुटते म्हणून. दिव्याच्या माणसाला मिळत नाही ती त्याचं स्थानक मध्ये येतं म्हणून. यात एकाचं पुण्य नाही आणि दुसऱ्याचं पाप नाही. निव्वळ वेळापत्रकाने जे दिलं, त्याला आपण हक्क म्हणू लागतो. शहराचंही असंच असतं. जो दोन पिढ्या आधी आला त्याला गिरगावात खोली मिळाली, जो नंतर आला त्याला टिटवाळ्यात. मग आधी आलेला नंतर आलेल्याला म्हणतो, शहरात जागा नाही.

आपल्या परंपरेत दुसरी एक नाव आहे. सहीह बुखारीत नोंदलेली हदीस पुष्कळ वाचकांना माहीत असेल. प्रेषित मुहंमद (स.) यांनी समाजाला दोन मजली जहाजाची उपमा दिली. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाणी हवं असे तेव्हा वरच्यांमधून जावं लागे आणि वरच्यांना त्याचा त्रास होई. तेव्हा खालच्यांना वाटलं, वरच्यांना त्रास नको, आपण आपल्याच भागात एक भोक पाडून पाणी घेऊ. वरच्यांनी त्यांना तसं करू दिलं तर सगळे बुडतील, हात धरून थांबवलं तर सगळे वाचतील. ह्या दृष्टांताचा उपयोग बहुधा वाईट कृत्य रोखण्याचा उपदेश म्हणून केला जातो. तो अर्थ बरोबरच आहे. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत, त्यांच्याकडे आपलं कमी लक्ष जातं. मजले चिठ्ठ्या टाकून मिळाले आहेत, कर्तबगारीवर नाही. आणि खालच्यांची गरज खरी आहे, त्यांना पाणी हवं आहे. नुसता हात धरून भागणार नाही, पाण्याची वाटही मोकळी ठेवावी लागेल.

२ जानेवारी २०१५ रोजी दिवा स्थानकात जे झालं ते असंच जहाजाला पडलेलं भोक होतं. गाड्या रखडल्या, आधीच चढायला न मिळणारी माणसं रुळांवर उतरली, दगडफेक झाली, मोटरमनला मार बसला आणि सारी मध्य रेल्वे तासन्‌तास ठप्प झाली. दगड मारणं चूक होतं. त्याचं समर्थन करता येत नाही. पण दिव्याची माणसं वर्षानुवर्षं जलद गाडीचा थांबा मागत होती आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या तहानेची दखल नव्हती, हेही तितकंच खरं. डिसेंबर २०१६ मध्ये काही जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. गाडी थांबली, पण आतल्यांनी दार दिलं का, हा प्रश्न उरलाच. कारण थांबा रेल्वे देते, दार प्रवासी देतात.

मग जागा कुणाची? याला आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, अमानत. जे आपल्यापाशी आहे पण आपलं नाही, जे काही काळ सांभाळायचं आणि पुढे सुपूर्द करायचं, ती अमानत. लोकलमधली जागा अशीच आहे. तिकिटाने किंवा पासाने आपल्याला प्रवासाचा हक्क मिळतो, बाकाच्या लाकडाची मालकी मिळत नाही. हे प्रवाशांना मुळीच ठाऊक नाही असं नाही. चौथ्या सीटचं उदाहरण घ्या. बाक तिघांचा. पण चौथा येतो, 'जरा सरकता का' म्हणतो आणि तिघे थोडे थोडे आक्रसतात. चौथ्याला अर्धी मांडी टेकायला मिळते. कोणत्याही नियमावलीत हे लिहिलेलं नाही. बायकांच्या डब्यात तर ह्याहून सुंदर पद्धत आहे. चढल्याबरोबर एखादी बसलेल्या बाईला विचारते, 'कुठे उतरणार?' ती म्हणते, 'घाटकोपर.' बस, घाटकोपरनंतर ती जागा हिची झाली. तोपर्यंत तिसरी हिला विचारून ठेवते. भाजी निवडत, फोनवर मुलाला गॅस बंद करायला सांगत, त्या बायका जागेची अमानत एकीकडून दुसरीकडे देत असतात. त्यात भांडणंही होतात. पण तत्त्व सर्वांना मान्य आहे, जागा पुढे द्यायची असते. कुरआनच्या 'अल-मुजादिला' या सूरेत बैठकीत इतरांसाठी जागा करून देण्याची आज्ञा आहे, ती याच जातीची. लोकलच्या बाकावर ती जातधर्म न विचारता पाळली जाते.

असं असताना दारात काय बिनसतं? याचं उत्तर माझ्या मते थोडं अवघड आहे. दार अडवणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात. उलट ती एकमेकांवर फार माया करणारी असतात. डब्यातले ग्रुप पाहा. वर्षानुवर्षं तीच ८.१२, तोच डबा, तेच दार. कुणाच्या मुलीचं लग्न असेल तर सगळे मिळून वर्गणी काढतात. कुणी आजारी पडला तर इस्पितळात पाळीपाळीने बसतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवतात, भजन म्हणतात. रमजानमध्ये संध्याकाळच्या गाडीत रोजा सोडण्याची वेळ झाली की खजूर आणि पाण्याची बाटली हातोहात फिरते, आणि ती फिरवणाऱ्यांत रोजा नसलेलेही असतात. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. पण हाच ग्रुप दिव्याला दार अडवतो. रुमाल टाकून जागा राखतो. नवख्याला दटावतो. म्हणजे माया आणि मज्जाव एकाच मुळातून येतात. 'आपली माणसं' हा शब्द उच्चारला की त्याच क्षणी 'परकी माणसं' तयार होतात. आपल्यांशी चांगलं वागणं ही नीतीची पहिली इयत्ता आहे. ती उत्तीर्ण झाल्यावर पुष्कळांना वाटतं की शिक्षण संपलं.

कुरआनमध्ये 'अन-निसा' या सूरेत ज्यांच्याशी भलेपणाने वागावं असं सांगितलं आहे, त्यांच्या यादीत आई-वडील, नातेवाईक, अनाथ, गरजू, जवळचा शेजारी आणि परका शेजारी हे तर आहेतच, शिवाय एक वेगळा माणूस आहे. जो आपल्या कुशीला असतो तो. अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ सहप्रवासी, काही वेळापुरता सोबत असलेला, असा घेतला आहे. घराशेजारी माणूस आयुष्यभर राहतो, तेव्हा त्याच्याशी बरं वागण्यात थोडा व्यवहारही असतो. कुशीला चिकटून उभा असलेला, कुर्ल्याला उतरून पुन्हा कधीच न दिसणारा माणूस मात्र आपल्या काहीही उपयोगाचा नाही. म्हणूनच तो कसोटी आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले, तेव्हा आधी धावून आले ते रुळांच्या कडेच्या वस्त्यांतले लोक. चादरी आणून त्यांनी जखमींना उचललं. त्यांतल्या कितीकांनी पहिल्या वर्गाचा डबा आतून कधी पाहिलाही नसेल. त्या संध्याकाळी त्यांनी कोण आतला आणि कोण बाहेरचा हे विचारलं नाही.

आतले आणि बाहेरचे ही वाटणी हुकूमानेही होते, हे २०२० साली सर्वांनी अनुभवलं. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून काही गाड्या सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून, तोही एप्रिलमध्ये पुन्हा थांबला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना पास मिळू लागले. साथ भयंकर होती, निर्बंध हवेच होते, याबद्दल वाद नाही. पण तेव्हा कर्जत-विरारच्या लाखो माणसांना पहिल्यांदा अधिकृतपणे कळलं की आपण अत्यावश्यक नाही. दुकानातला नोकर, धुणीभांडी करणारी बाई, शिंपी, दलालाकडचा कारकून, सगळे एका रात्रीत फलाटाबाहेर. ज्यांना चार पैसे परवडत होते ते बसने आणि सामाईक गाड्यांनी तासन्‌तास खडखडत आले. बाकीचे घरी बसले आणि उपाशी राहिले. 'आत जागा नाही' हे वाक्य सरकारी कागदावर कसं दिसतं ते तेव्हा दिसलं.

इथे आपण आपल्याकडेही पाहिलं पाहिजे. मुंब्रा किंवा मीरा रोडचा नया नगर ही आपल्यातल्या पुष्कळांची घरं. शहरात भाड्याने खोली मागायला गेल्यावर नाव ऐकून 'जागा नाही' हे उत्तर ज्यांनी ऐकलं, त्यांनी ह्या वस्त्या वसवल्या. त्या उत्तराचा डंख ज्याला बसला आहे, त्याने तो दुसऱ्याला देऊ नये अशी अपेक्षा चुकीची नाही. पण आपल्याही इमारतींत अशा पाट्या तोंडी फिरतातच. एकट्या मुलीला नाही, नोकरीसाठी आलेल्या तरुणांना नाही, अमक्या बिरादरीच्या माणसाला नाही, तमक्या मसलकच्या माणसाला नाही, अमुक राज्यातून आलेल्याला नाही. कारणंही तीच, लोकलच्या दारातली. गर्दी होते, वातावरण बिघडतं, आपली माणसं नाराज होतात. सोसलेल्या अन्यायाने माणूस आपोआप न्यायी होत नाही. बहुतेक वेळा तो फक्त फलाटावरून दारात जातो. न्यायी होण्यासाठी दारात आल्यावरही फलाट आठवावा लागतो, आणि ती आठवण ठेवणं हे कष्टाचं काम आहे.

मग दारातल्या माणसाने करावं काय? जीव धोक्यात घालून जागा द्यावी असं कोणतीही नीती सांगत नाही. हात सुटण्याइतकी गर्दी झाली असेल तर 'भाऊ, पुढची घ्या' हे म्हणणं कर्तव्यच ठरतं. 'भाऊ, पुढची घ्या' आणि 'ही आमची गाडी आहे' यांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात समोरच्याची काळजी आहे, दुसऱ्यात मालकीचा दावा. कोणतं वाक्य आपण बोलतो आहोत हे ओळखायची सोपी खूण म्हणजे, आत दोन पावलं सरकायला जागा असताना आपण दारात उभे आहोत का? आपल्या स्थानकाला उतरायला सोपं जावं म्हणून दुसऱ्याचं चढणं अवघड करतो आहोत का? असेल तर जागा नाही हे खोटं आहे. जागा आहे, द्यायची नाही.

आणि जे ह्या गाडीतच नाहीत, वरच्या मजल्यावर आहेत, त्यांचं देणं सर्वांत मोठं आहे. शहराच्या मध्यावर, गिरण्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. त्यांत काम करणारा रखवालदार, सफाई कामगार, कारकून मात्र रोज पन्नास-साठ किलोमीटरवरून येतो. त्याच्या कष्टाला शहरात जागा आहे, त्याच्या अंथरुणाला नाही. कामाजवळ परवडणारी घरं, कचेऱ्यांच्या वेळांत फरक, जास्त गाड्या, जास्त मार्ग ह्या मागण्या जुन्याच आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा केल्या पाहिजेत. प्रवाशांच्या चांगुलपणावर शहर चालवायचं आणि व्यवस्थेने हात झटकायचे, हेही एक प्रकारे दार अडवणंच आहे.

जून २०२५ च्या अपघातानंतर रेल्वेने जाहीर केलं की नव्या विनावातानुकूलित लोकलगाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवली जातील, हवेसाठी झडपा ठेवल्या जातील. ह्याने जीव वाचतील आणि म्हणून त्याचं स्वागतच करावं. पण बंद दाराचा अर्थही समजून घेतला पाहिजे. आज जी माणसं पायरीवर लटकून जातात ती उद्या फलाटावर राहतील. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली म्हणून बदलापूरला प्रवासी चिडून उठले होते, ते ह्याच धास्तीने. गाड्या वाढल्या नाहीत तर 'आत जागा नाही' हे वाक्य माणसाच्या तोंडून जाऊन यंत्राच्या तोंडी येईल, इतकाच फरक. यंत्राला कुणी 'जरा सरकता का' म्हणू शकत नाही. तेव्हा दार बंद होण्याआधी आत किती जागा आहे आणि बाहेर किती माणसं उभी आहेत, याचा हिशेब करणं हे सरकारचं काम आहे. तो हिशेब मागणं आपलं काम आहे, आणि ज्याला बसायला मिळालं आहे त्याने तो सर्वांत आधी मागायला हवा. उभ्याने लटकणाऱ्याला बोलायला दम राहत नाही.